भिगवणच्या पाण्यावर : पक्षी, लेन्स आणि अंतर

आम्ही बारामतीचे. भिगवण आमच्यापासून पाऊण तासाच्या अंतरावर. घरी पाहुणे आले की तिथल्या बाजारातून मासळी आणायची, एवढाच आमचा त्या गावाशी संबंध होता. पुण्या-मुंबईहून लोक पहाटे गाड्या काढून तिथे पक्षी पाहायला येतात, हे ऐकून माहीत होते. गेल्या हिवाळ्यात थोरल्या मुलीने हट्टच धरला. तिने ईदीचे पैसे साठवून ठेवले होते आणि त्यातून तिला कॅमेऱ्याची मोठी लेन्स घ्यायची होती. आम्ही म्हटले, आधी पक्षी तर पाहू, मग लेन्सचे बघू.

एका नातेवाइकाकडून कॅमेरा आणि 300 मिलिमीटरची लेन्स मागून आणली. फजरची नमाज अदा करून निघालो आणि उजाडता उजाडता कुंभारगावच्या काठावर पोहोचलो. समोर धुके आणि त्याखाली भीमेचे अथांग पाणी. 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात आहे, पण तिचा फुगवटा इंदापूर तालुक्यात दूरवर पसरला आहे. या पाण्याखाली कित्येकांची घरे आणि शेते गेली. पळसदेवचे जुने देऊळ तर पाणी फार उतरले की आजही वर डोके काढते. हिवाळ्यानंतर पाणी जसजसे आटते तसतसा काठचा गाळ उघडा पडतो आणि पक्ष्यांचे ताट वाढले जाते. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, त्यासाठीच येतात. मध्य आशियातून हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब, चक्रवाक, चमचे, चित्रबलाक, नदीसुरय, सगळ्यांची तिथे दाटी असते.

नाववाले भाऊ मूळचे मासेमार. पक्ष्यांची नावे त्यांना तोंडपाठ. शंभरेक रोहित उथळ पाण्यात माना खाली घालून चरत होते. कॅमेऱ्यात ते अगदी लहान दिसत होते. आम्ही म्हटले, "भाऊ, जरा अजून जवळ घ्या ना." ते म्हणाले, "इथनंच बघा." आम्ही पुन्हा आग्रह केला. त्यांनी नाइलाजाने काठी टेकून नाव थोडी पुढे सरकवली. एकदम साऱ्या माना वर झाल्या, पक्षी पाण्यावरून धावू लागले आणि बघता बघता थवा उडाला. मुलीने भराभर बटण दाबले. घरी येऊन पाहिले तर सगळ्या फोटोंत शेपट्या आणि पाय, तेही हललेले.

परतताना भाऊ एवढेच बोलले, "साहेब, पाखरू उडालं की तेवढा वेळ उपाशी राहतं."

हे वाक्य आमच्या मनात घर करून बसले. रोहित चोच पाण्यात उलटी धरून चिखल-पाणी गाळतो आणि त्यातले बारीक जीव व शेवाळ खातो. पोट भरायला त्याला तासन्‌तास चरावे लागते. शिवाय एवढे मोठे अंग पाण्यातून एकदम उचलत नाही, आधी धावावे लागते, त्यात ताकद जाते. दिवसभरात दहा नावांनी दहा वेळा उडवले तर त्याने खायचे कधी?

मग लेन्सचा हिशेब आम्ही नव्याने मांडला. 300 च्या लेन्सने तीस पावलांवरून पक्षी जेवढा मोठा दिसतो, तेवढाच तो 600 च्या लेन्सने साठ पावलांवरून दिसतो. म्हणजे मोठी लेन्स घ्यायची ती जवळ जाण्यासाठी नव्हे, दूर थांबता यावे म्हणून. साध्या डीएसएलआरचा सेन्सर लहान असतो, त्याचाही फायदा होतो. निकॉनच्या अशा कॅमेऱ्यात चौकट दीडपट आवळली जाते आणि 400 ची लेन्स 600 सारखी काम करते.

ज्या घरांत मुलांना हा छंद लागला आहे, त्यांनी घाई करू नये. सिग्मा किंवा टॅमरॉनच्या 150-600 लेन्सला नव्या दुचाकीइतके पैसे पडतात आणि तिचे वजन दोन किलोच्या आसपास असते. पुण्यात लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात, आधी ती हातात धरून पाहावी. जुनी घेत असाल तर आतून टॉर्च मारून बुरशीची जाळी आहे का ते तपासावे. बजेट कमी असेल तर निकॉन पी-900 सारखा 83 पट झूमचा एकसंध कॅमेराही भर उजेडात चांगली साथ देतो, मात्र अंधूक प्रकाशात त्याचा लहान सेन्सर कमी पडतो. आणि सगळ्यात आधी एक दुर्बीण घ्यावी. पाहण्याची सवय लागली की फोटो आपोआप सुधारतात.

दुसऱ्या खेपेला आम्ही लेन्स भाड्याने नेली. नावेत ट्रायपॉड ठेवला नाही, नावेचा हादरा त्यातून थेट कॅमेऱ्यात चढतो. दादीअम्मांनी जुन्या चादरीची पिशवी शिवून त्यात ज्वारी भरून दिली होती, ती नावेच्या कडेवर ठेवली आणि तिच्यावर लेन्स टेकवली. उडत्या पक्ष्यासाठी शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर ठेवले. गडद पाण्यावरचा पांढरा चमचा नुसता पांढरा डाग दिसू नये म्हणून प्रकाश थोडा कमी केला. सूर्य पाठीशी राहील अशी नाव उभी करायला भाऊंना सांगितले. जवळ घ्या, असे या वेळी कोणीच म्हणाले नाही. नऊनंतर ऊन चढले, पाण्यावरची हवा थरथरू लागली, तेव्हा लेन्स पिशवीत ठेवली. अशा हवेतून कितीही मोठी लेन्स असली तरी चित्र धूसरच येते.

पुढच्या रविवारी सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात गेलो. चिंकारांसाठी राखलेले ते माळरान आमच्याच तालुक्यात आहे. इथे गाडीच आडोसा झाली. इंजिन बंद केले, तीच ज्वारीची पिशवी खिडकीच्या काचेवर ठेवली आणि वाट पाहिली. थोड्या वेळाने एक हुदहुद तुरा फुलवत गाडीशेजारी किडे टिपायला आला. धाकटा कुजबुजला, "हाच का सुलैमान अलैहिस्सलाम यांचा?" त्याने मदरशात ती गोष्ट ऐकली होती.

त्या रात्री आम्ही मुलांना सलीम अलींची हकीकत सांगितली. 1896 मध्ये मुंबईत जन्मलेल्या या मुलाने लहानपणी एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, तेव्हा ही खाणे जायज आहे का, असे विचारायला तो मामांकडे गेला. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवले आणि तिथूनच पुढे 1941 चे भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक घडले. दादीअम्मांना हदीसमधला तो प्रसंग आठवला, ज्यात सहाबांनी पिल्ले उचलल्यावर पाखरू व्याकूळ होऊन घिरट्या घालू लागले आणि प्रेषितांनी (स.) ती पिल्ले परत ठेवायला लावली.

मुलीने अजून लेन्स घेतलेली नाही. ईदीच्या पैशांतून तिने दुर्बीण घेतली, बाकीचे जमवते आहे. दुसऱ्या खेपेचा एक फोटो मात्र आमच्या बैठकीत लावला आहे. त्यात रोहित लांब आहेत, फार मोठे दिसत नाहीत. पाहुणे विचारतात, अजून जवळून नाही का काढता आला? मुलगी म्हणते, "बघा ना, सगळ्यांच्या माना खाली आहेत."