पिस्तुलाला तेल पाजू नका

दसरा झाला की माझ्या टेबलावर पिवळी-तांबडी पिस्तुलं येऊ लागतात. खंडेनवमीला घरातली सगळी अवजारं पाटावर मांडली जातात आणि कोयता, कुऱ्हाड, पाने, फवारणीचा पंप यांच्या ओळीत पोराचं किंवा पोरीचं एअर पिस्तूलही बसतं. त्याला हळद-कुंकू लागतं, अक्षता पडतात, वर झेंडूचं फूल. कुंकवाची पूड छर्रा भरायच्या खाचेत शिरते, तिथल्या वंगणात कालवली जाते आणि महिन्याभरात तिचा लेप तयार होतो. पूजेला माझी हरकत नाही, आमच्याकडेही होते. फक्त पिस्तूल पेटीत राहू द्यावं आणि कुंकू पेटीवर वाहावं. एवढं सांगूनही दरवर्षी दोन-चार येतातच.

श्रीगोंद्यात एअर पिस्तुलं दुरुस्त करणारा माणूस आहे याचं पुण्याच्या लोकांना नवल वाटतं. त्यांच्या लेखी नेमबाजी म्हणजे बालेवाडी. पण 10 मीटरहून थोडी लांब खोली, मागं भक्कम भिंत आणि बरा उजेड एवढ्यावर हा सराव कुठंही होतो. 2024च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. तेव्हापासून तालुक्याच्या गावातल्या आई-बापांनाही हा आपल्या पोरांचा खेळ वाटू लागला. उसाचं बिल नाहीतर लिंबाची पट्टी हातात आली, की कोणीतरी विचारायला येतंच. परदेशी बनावटीचं स्पर्धेचं पिस्तूल लाखाच्या वर जातं. घरात एवढी महागडी वस्तू आली, की तिची काळजी घ्यायला सगळे सरसावतात आणि घोटाळा तिथंच सुरू होतो.

कारण चांगलं एअर पिस्तूल नेम मारून झिजत नाही. शिशाचा अर्ध्या ग्रॅमचा मऊ छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगानं नळीतून जातो. त्यानं पोलादाचं काय बिघडणार? नीट ठेवलं तर ते एका खेळाडूच्या कारकिर्दीला पुरून दुसऱ्याच्या हातात जातं. ते मरतं तेलानं, धुळीनं, दमट हवेनं आणि पेचकस घेऊन बसलेल्या हौशी काकांमुळं.

तेलाचं आधी सांगतो, कारण आमच्या भागात हा रोग फार. इथं प्रत्येक घरात मोटर, इंजिन, फवारणी पंप आहे. जुन्या पंपाचा चामडी वायसर वाळला, की त्यावर दोन थेंब तेल सोडायचं हे शेतकऱ्याच्या हाताला ठाऊक असतं. स्प्रिंगच्या जुन्या पिस्तुलात असा वायसर असायचा, तिथं ते चालून जायचं. आजच्या पिस्तुलात मात्र नळीखाली सिलिंडर असतो आणि त्यात 200 बार दाबानं हवा भरलेली असते. ट्रकच्या चाकात आठ-नऊ बार असते, म्हणजे ही तिच्या वीसपटीहून जास्त. या हवेत साधं तेल गेलं, की दाबाच्या उष्णतेनं ते पेटू शकतं. शेतावरच्या डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, हवा दाबूनच डिझेल पेटतं. हे गणित आमच्या माणसाला लगेच कळतं. म्हणून हवेच्या वाटेवर फक्त सिलिकॉनचं ग्रीस, आणि तेही रबर जेमतेम चमकेल इतकंच. शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, गंजावरचा स्प्रे यांतलं काहीही त्या वाटेवर नको.

याच ओघात एक धोक्याची गोष्ट. तालुक्याच्या गावात 200 बारची हवा सहज मिळत नाही. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर उपयोगाचा नाही. मग एखाद्याची नजर वेल्डिंगच्या दुकानातल्या ऑक्सिजनच्या बाटल्यावर जाते, दाब तर तिथं भरपूर असतो. जोडणीचा तुकडा लेथवर करून मिळेल का, असं मला विचारलं गेलेलं आहे. ऑक्सिजन आणि वंगणाचा अंश एकत्र आला, की ठिणगी न पडताही स्फोट होतो. हातापासून वीतभर अंतरावर. पिस्तुलात भरायची ती कोरडी, स्वच्छ, साधी हवा. पाणबुड्यांचा मोठा सिलिंडर शहरातून भरून आणावा आणि त्याची तपासणी मुदतीत आहे ना ते पाहावं, नाहीतर हातपंप मारावा.

हातपंपाचं दुखणं पाण्याचं. श्रीगोंदा तसा पर्जन्यछायेतला, पण श्रावण-भाद्रपदात हवेत ओल असतेच. तीच हवा दोनशेपट दाबली, की तिच्यातली वाफ वाफ राहू शकत नाही, तिचं पाणी होतं. ते सिलिंडरच्या तळाशी बसतं, पुढं रेग्युलेटरमध्ये जातं. रेग्युलेटरचं काम 200 बारची हवा खाली आणून, साधारण 60-70 बारच्या आसपास, दर नेमाला सारखीच देण्याचं. त्याच्या बारीक भागांवर एकदा गंज धरला, की तो सारखेपणा जातो. छर्ऱ्याचा वेग 150 वरून 140 मीटरवर आला, तर 10 मीटरवर तो तीन मिलिमीटरनं खाली पडतो. दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं. पोरगी म्हणते माझा हात हलतोय, प्रशिक्षक म्हणतात मन लागत नाही, आणि दोष असतो पावसाळ्यात हातपंपानं भरलेल्या हवेचा. लक्ष्यावर छर्रे आडवे न पसरता उभ्या रेषेत पसरू लागले, तर आधी पिस्तुलावर संशय घ्यावा. पंपाला ओल शोषणारी फिल्टर-नळी लावावी, थांबत थांबत भरावं आणि पंपाचा निचरा करावा.

सिलिंडर गळतोय अशी तक्रार घेऊन जे येतात, त्यांतल्या बहुतेकांचं काम एका रबरी कड्याचं असतं. भरायच्या तोंडाशी साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवला, की फुगा धरतो. मग पूर्ण हवा सोडायची. दाब असताना काही उघडायचं नाही. हे कडं, म्हणजे ओ-रिंग, काढायला सुई किंवा पेचकस वापरला, तर खाचेवर ओरखडा उठतो आणि नवं रबरही गळतं. मी बाभळीचा काटा वापरतो. तो रबराखाली घालून हलकेच उचलला, की कडं अलगद बाहेर येतं. भिंगाखाली पाहिलं, तर त्यावर बहुधा एक आडवी चीर दिसते आणि कधी कधी ती चीर पाडणारा खडाही खाचेतच सापडतो, काळ्या रानातला. गळीत हंगामात त्याच्या जोडीला कारखान्याच्या चिमणीची काजळीही असते. म्हणून सिलिंडर जोडण्याआधी त्याचं तोंड सुती कापडानं पुसावं. दहा सेकंदांचं काम आहे.

नळीबद्दल थोडक्यात. नळ्या छर्ऱ्यांपेक्षा साफसफाईनंच जास्त खराब होतात. लोखंडी सळई पुढून खुपसू नये. नळीच्या तोंडाची कड गेली, की नेम गेला. पाचशे-हजार छर्ऱ्यांनंतर फेल्टचे मऊ बोळे मागून पुढं काढावेत, तेवढं पुरतं. त्याआधी पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून घ्यावी. आणि छर्रे शिशाचे असतात, ते हाताळल्यावर पोरांनी हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावू नये.

ट्रिगरच्या स्क्रूंना घरी हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नियमानं ट्रिगरला किमान 500 ग्रॅम वजन लागतं. तपासणीत पिस्तूल नळी वर करून धरतात आणि ट्रिगरला वजन टांगून उचलतात. बरोबर 500वर लावलेला ट्रिगर गावाकडं पास होतो आणि स्पर्धेच्या टेबलावर नापास, कारण धूळ, थंडी, थोडी झीज यांनी दहा-वीस ग्रॅम इकडंतिकडं होतात. थोडं वरच ठेवावं. तिथं तेलही नको. तेलाला धूळ चिकटते आणि ट्रिगर खरखरतो.

पुष्कळांना वाटतं, एवढ्या किमतीचं यंत्र मोडेलच कशाला. 25 जुलै 2021 रोजी टोकियो ऑलिम्पिकमध्ये एअर पिस्तुलाची पात्रता फेरी चालू असताना नेमबाज मनू भाकरच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर तुटला. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, 575 गुण झाले, बारावा क्रमांक आला आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. तीच मनू पॅरिसमध्ये याच प्रकारात पदक घेऊन आली. ज्यांना जगातली उत्तम सेवा मिळते त्यांच्याबाबत हे घडतं, तर आपण लिव्हर, स्क्रू आणि नेमदर्शी महिन्यातून एकदा भिंगानं पाहायला काय हरकत आहे?

बाकी सांभाळ घरगुती आहे. सराव झाल्यावर धातूवरचा घाम पुसावा. स्पंजची पेटी घाम आणि ओल धरून ठेवते. पावसाळ्यात ती रात्रभर उघडी ठेवावी आणि आत सिलिका जेलची पुडी टाकावी. सिलिंडर काठोकाठ भरून ठेवू नये, रिकामाही नको. मे महिन्यात नगरला स्पर्धेला जाताना पेटी गाडीत ठेवून जेवायला बसू नका. 25 अंशाला 200 बार भरलेला सिलिंडर बंद गाडीत 60 अंशाला 223 बारवर जातो.

आता ज्यांना जुनं पिस्तूल घ्यायचंय त्यांच्यासाठी. नळी चकचकीत आहे का, मूठ अक्रोडाची आहे का, हे नंतर पाहा. आधी सिलिंडर फिरवून त्यावर कोरलेली तारीख वाचा. बऱ्याच कंपन्या सिलिंडरला बनवल्यापासून दहा वर्षांचीच मुदत देतात, काही वीसही देतात. मुदत उलटलेला सिलिंडर बाहेरून नवा दिसतो, हवाही धरतो, पण तो स्पर्धेत चालत नाही आणि ती जबाबदारी नियमानं खेळाडूचीच असते. नवा सिलिंडर बहुधा परदेशातून मागवावा लागतो, त्याला महिने लागतात. तो खर्च जुन्या पिस्तुलाच्या किमतीत धरा आणि मगच सौदा करा.