पलीकडे गाव आहे

समुद्रसपाटीपासून पाच हजार मीटरवर हवेचा दाब जवळजवळ निम्म्यावर येतो. पुस्तकात वाचलेली ही गोष्ट शिंकू ला खिंडीच्या चढावर आधी मनगटाला कळते. उजवा हात ॲक्सिलरेटर पिळत राहतो आणि बाईक पुढे सरकायला मागत नाही. खंबाटकी घाट हसतखेळत चढणारी गाडी इथे पहिल्या गिअरमध्ये धापा टाकते. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांचे तर फार हाल होतात. हवा विरळ झाली तरी पेट्रोल बेतानं येत नाही, मग प्लग काजळतो आणि सायलेन्सर काळा धूर ओकायला लागतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या हवेचा दाब ओळखून पेट्रोल आवरतात. त्या अडखळत नाहीत, पण ताकद त्यांचीही जातेच. हेल्मेटच्या आत तरी वेगळं काय चाललेलं असतं? छाती भरून श्वास घेतला तरी पुरत नाही. गाडी आणि माणूस एकाच टंचाईत सापडलेले असतात. दोघांनी मिळून दमादमानं चढायचं, एवढंच हातात उरतं, आणि तसं चढण्यात मला फार समाधान वाटतं.

हिमाचलमधल्या लाहौलला लडाखच्या झांस्कर खोऱ्याशी जोडणारी ही खिंड पाच हजार मीटरच्या जरा वरच आहे. मनालीहून निघायचं, 2020 च्या ऑक्टोबरमध्ये खुल्या झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून लाहौलमध्ये उतरायचं, केलांग-जिस्पा करत दारचा गाठायचं. लेहला जाणारी गर्दी तिथून बारालाचाकडे वळते. आपण दुसरा रस्ता धरायचा. त्याआधी जिस्पाला मुक्काम मात्र हवाच. उंचीची सवय होऊ न देता वर जाणं म्हणजे डोकेदुखी, मळमळ आणि प्रसंगी त्याहून वाईट काही ओढवून घेणं.

दारचाहून पहाटे निघायचं, कारण नाले. रात्री थंडीनं बर्फ वितळायचं थांबतं, त्यामुळे सकाळी नाल्याला घोट्याएवढं पाणी असतं. दुपारी उन्हानं हिमनदी पाझरायला लागली की तोच नाला गुडघ्याच्या वर चढतो. एका नाल्यापाशी आम्ही थांबलो होतो. पाणी राखाडी, तळ दिसेना, आणि त्याखाली गोटे घरंगळत असल्याचा आवाज येत होता. काठावर रस्त्याचं काम करणाऱ्या मजुरांची टोळी होती. त्यातला एक पोरगा गमबूट घालून सरळ पाण्यात उतरला. पायानं चाचपत मधोमध गेला, दोन मोठे दगड उचलून बाजूला टाकले आणि हातानं खूण केली : इथून, क्लच सोडू नका, थांबू नका. मी पार झालो तेव्हा तो दुसऱ्या गाडीसाठी पुन्हा पाण्यात उभा होता. झारखंडातल्या दुमक्याचा होता. त्याच्या गावात बर्फ नाही, डोंगरही असे नाहीत. सीमा सडक संघटनेच्या पिवळ्या पाट्यांचे फोटो आपण हौसेनं काढतो, पण त्या पाट्यांमागचा रस्ता अशा हातांनी उघडा ठेवलेला असतो. त्या पोराच्या बोटांवरच्या भेगांत सिमेंट बसलं होतं.

खिंडीवर वारा, पताकांच्या माळा, दगडांची रास आणि बाजूला छोटंसं तळं. तिथे फार वेळ थांबवत नाही आणि थांबूही नये. बाईकवाल्यांच्या गप्पांमध्ये मात्र खिंड हेच मुक्कामाचं ठिकाण असतं. उंचीचा आकडा, पाटीपुढचा फोटो, आणि मग परतीचा प्रवास. खिंड म्हणजे मुक्काम नव्हे, हे आपल्या सह्याद्रीतल्या माणसाला खरं तर वेगळं सांगायला नको. नाणेघाटात जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आजही उभा आहे. घाट कधी कोणी चढण्यासाठी चढला नाही. पलीकडे बाजार होता, बंदर होतं, सोयरीक होती, म्हणून तो चढला गेला.

शिंकू लाच्या पलीकडे कारग्याक आहे. गोंबो रांगजोन नावाचा एकच एक उभा कातळ खोऱ्यात अचानक समोर येतो, स्थानिक लोक त्याला देव मानतात, आणि तो मागे टाकला की जवाची शेतं दिसतात. या गावापर्यंत गाडी यावी म्हणून छुलतिम छोंजोर नावाच्या लामांनी सरकारची वाट पाहिली नाही. उतारवयात स्वतःची मालमत्ता विकून त्यांनी रामजक ते कारग्याक असा 38 किलोमीटरचा रस्ता खोदायला घेतला. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. रस्त्याचं काम सीमा सडक संघटनेनं हाती घेतलं आणि 2024 च्या मार्चमध्ये दारचा ते निम्मू हा 298 किलोमीटरचा पट्टा सलग जोडला गेला. ज्या वळणांवर मला साहसाचा आनंद मिळत होता, त्यांतली काही एका म्हाताऱ्या माणसानं आपल्या खोऱ्यातल्या आजाऱ्यांसाठी, शाळेच्या पोरांसाठी कोरली होती. हे कळल्यानंतर मला ती वळणं आधीसारखी घेता येईनात.

कारग्याकमध्ये ज्यांच्या घरी उतरलो त्या आमा-ले (लडाखीत आई) शेणीच्या चुलीवर लोण्याचा खारट चहा करत होत्या. पेला अर्धा झाला की भरायच्या. त्यांचा मुलगा लेहला शिकायला होता. झांस्करमधून कारगिलकडे जाणारा पेन्सी लाचा रस्ता हिवाळ्यात बंद होतो, शिंकू लाही बर्फाखाली जाते. मग उरायची ती गोठलेली झांस्कर नदी, म्हणजे चादर. आपल्याकडची मंडळी हौसेनं तो ट्रेक करतात. इथल्या बापांनी पोरांना शाळेत पोचवायला तीच वाट तुडवली आहे.

2024 च्या जुलैमध्ये शिंकू लाखालच्या बोगद्याचा पहिला सुरुंग उडाला. चार किलोमीटरचा, 15,800 फुटांवरचा जुळा बोगदा. तेव्हापासून बाईकवाल्यांमध्ये एक सूर ऐकू येतो की आता मजा संपली, झांस्करचंही मनाली होणार. गर्दीची, कचऱ्याची भीती खरी आहे आणि तिचा बंदोबस्त आत्तापासूनच व्हायला हवा. पण आमच्या वाटेला अवघड रस्ता यावा म्हणून जानेवारीत बाळंतपण अडलेल्या बाईनं वाट बघत बसावं, हे मला मान्य नाही. खिंडीवर माझं प्रेम आहे. बोगदा लवकर व्हावा असंही मला मनापासून वाटतं.

आमा-लेंना मी विचारलं, बोगदा झाल्यावर काय बदलेल? मुलगा लोसारला, नव्या वर्षाच्या सणाला, घरी येईल, त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुम्ही सगळे उन्हाळ्यात येता, तेव्हा आम्हाला शेतं असतात, जनावरं असतात, धड बोलायला फुरसत नाही. हिवाळ्यात या, तेव्हा आम्ही रिकाम्या असतो. तर तो बोगदा सुरू झाला की जानेवारीत जायचं, बाईक घरी ठेवून, मिळेल त्या बसनं, असं मी त्यांना कबूल करून आलो आहे.