आईचं कॅलेंडर, माझं एक्सेल आणि ११,४०० रुपये

परवा शनिवारी सकाळी सहाच्या एसटीने साताऱ्याला गेलो. शनिवारी सकाळी सहा वाजतात ही बातमीच होती माझ्यासाठी. निमित्त होतं आईच्या दोन जुन्या कॅलेंडरांचं. आता कॅलेंडर बघायला कोणी साताऱ्याला जातं का? तर जातं. सांगतो.

बाबांचा सिंहगड रोडला एक टू-बीएचके आहे. भाड्याने दिलेला. मी स्वतः हिंजवडीजवळ भाड्याने राहतो, कारण रोज सिंहगड रोड ते हिंजवडी करायची माझी हिंमत नाही. म्हणजे मी एकीकडे भाडेकरू आणि दुसरीकडे घरमालकाचा मुलगा. २०२४ मध्ये बाबांची बायपास झाली आणि फ्लॅटचा सगळा हिशोब माझ्याकडे आला. हिशोब म्हणजे काय, तर एक पासबुक, ११-११ महिन्यांच्या करारांची एक फाईल, आणि बिस्किटांच्या डब्यात कोंबलेली बिलं.

आता इंजिनियर माणसाच्या हाती असा डबा लागल्यावर काय होणार? एका वीकेंडला झकास एक्सेल केलं. बँकेचं स्टेटमेंट उतरवून घेतलं, भाडं कमी आलं की रकाना लाल. आणि ती बिलं? त्या दिवाळीत मी बाबांना ऐकवलं, "अहो बाबा, घरभाड्याच्या उत्पन्नातून आधी महापालिकेचा भरलेला कर वजा होतो, मग उरलेल्यातून सरसकट ३० टक्के. दुरुस्तीला एक रुपया खर्च करा नाहीतर लाख, वजावट तेवढीच. प्लंबरची बिलं कशाला जपताय?" मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. डबा रद्दीत गेला.

गेल्या महिन्यात भाडेकरू काकांनी फ्लॅट सोडायचं ठरवलं. डिपॉझिट ६०,०००. मी एक्सेल उघडलं तर २०२३-२४ मध्ये तीन लाल रकाने. भाडं होतं २२,०००. जूनमध्ये आलेत १७,८००, सप्टेंबरमध्ये २०,३००, जानेवारीत १६,५००. एकूण कमी ११,४००. मी ताबडतोब काकांना व्हॉट्सॲपवर शीट पाठवली. थकबाकी वजा जाता ४८,६०० परत मिळतील, कळावे. अगदी एचआरच्या भाषेत.

काकांचं उत्तर आलं, "एकदा बाबांना विचार. बाकी तू म्हणशील तसं."

भांडले असते तर बरं वाटलं असतं. बाबांना फोन केला. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "असेल काहीतरी त्यांनी केलेलं... तेव्हाचं नीट आठवत नाही रे." गणिताचा मास्तर माणूस. आमच्या घरात 'आठवत नाही' हे वाक्य बाबांच्या तोंडून मी तरी ऐकलं नव्हतं. मीच घाईघाईने म्हटलं, जाऊ दे, बघतो मी.

रात्री त्यांचं त्या वर्षीचं रिटर्न काढलं. त्यात भाडं दाखवलं होतं २,६४,०००. म्हणजे बारा महिने पूर्ण २२,०००. बँकेत तर आले होते २,५२,६००! पहिला विचार (खरं सांगतो) हाच आला की बाबांनी चूक केली, न मिळालेल्या पैशांवर कर भरला. दुसरा विचार यायला जरा वेळ लागला. बाबा अशी चूक करणार नाहीत. त्यांच्या लेखी ते भाडं पूर्ण मिळालेलं होतं. मग उरलेले पैसे कुठे गेले?

आईला फोन केला तर ती म्हणाली, "कॅलेंडरवर असेल. काकूंचा फोन आला की मी लिहून ठेवायचे. पण ते माळ्यावर आहे, तूच ये आणि काढ."

तर म्हणून सकाळी सहाची एसटी.

२०२३ चं कालनिर्णय. दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख, कोणाचं तरी बारसं, आणि जूनच्या पानावर बारीक अक्षरात: "गीझर नवा, त्यांनी दिले ४२००, भाड्यात." सप्टेंबरमध्ये "नळ + प्लंबर १७००, भाड्यात." २०२४ च्या जानेवारीत "बाथरूम गळती ५५००, भाड्यात." बेरीज करायची गरजच नव्हती, तरी केली. ११,४००.

गंमत म्हणजे दोन वर्षांपूर्वी वाकडच्या एका घरमालकाने रंगकामाचे म्हणून माझ्या डिपॉझिटमधले ८,००० कापले होते. बिल मागितलं तर म्हणाला, "बिल कशाला हवं?" त्याला मी काय काय बोललो होतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि परवा मी स्वतः बिलं रद्दीत घालून, वर काकांकडेच पैसे मागत होतो. फरक एवढाच की माझ्याकडे एक्सेल होतं.

तिथूनच काकांना फोन करून माफी मागितली. ते हसले, म्हणाले, "अरे चालायचंच." पण चालायला नको होतं. महावितरणचं शेवटचं बिल त्यांनी भरलेलंच होतं, मीटरचा फोटोही पाठवला होता. पूर्ण ६०,००० परत केले. बाबांनी डिपॉझिट पहिल्या दिवसापासून वेगळ्या एफडीत ठेवलं होतं, त्यामुळे त्याला कधी हात लागला नव्हता. ते पैसे आपले नसतातच, आपण फक्त सांभाळतो.

आता शीट बदललीय. मुख्य नियम एकच: वजाबाकी करून लिहायचं नाही. भाडेकरूने गीझरचे ४,२०० भरून १७,८०० पाठवले, तर दोन ओळी. भाडं आलं २२,०००. गीझरला गेले ४,२००. भाडेकरूने आपल्या वतीने खर्च केला म्हणून आपलं भाडं कमी होत नाही. कर पूर्ण भाड्यावर, आणि दुरुस्ती त्या ३० टक्क्यांतच आली. पण १७,८०० एवढंच लिहिलं, की दोन वर्षांनी एक सरळमार्गी माणूस थकबाकीदार दिसतो. बँकेला १७,८०० कळतात, गीझर कळत नाही. प्रत्येक ओळीत तारीख, कोणी कोणाला दिले, कशासाठी, आणि बिलाचा फोटो. करासाठी नसेल लागत. डिपॉझिट परत करायच्या दिवशी लागतो.

निघताना आईला म्हटलं, फोनवर शीट टाकून देतो, त्यात लिहीत जा. म्हणाली, "मी कॅलेंडरवरच लिहिणार. तुला हवं तर फोटो पाठवीन."

बाबा शेजारीच बसले होते. म्हणाले, "महिन्याच्या शेवटी पाठवत जा. मी आठवण करीन."

काल एकतीस तारीख होती. फोटो आलाय. दुधाचे तीन खाडे आहेत.