पोपटातला प्राण

माणसाला एखादा तरी छंद असावा, असा उपदेश ज्याने प्रथम केला त्याला भाचा नसावा. तिकिटे जमवणारा भाचा परवडतो. बासरी वाजवणारा भाचासुद्धा दारे लावून घेतली तर परवडतो. पण विमान उडवणारा भाचा ज्याच्या घरी चार वर्षे शिकायला राहतो, त्या मामाला हळूहळू कंसमामाची बाजू पटू लागते.

त्यातून आमचे गाव बुलढाणा. जिल्ह्याचे ठिकाण खरे, पण गावात रेल्वेसुद्धा नाही. गाडी धरायची तर घाट उतरून मलकापूर गाठावे लागते. अशा गावात २००८ सालच्या उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर एका बाजूला कुरडया वाळत असत आणि दुसऱ्या बाजूला पाच फूट पंखांचे, दीड किलो वजनाचे, बाल्सा नावाच्या हलक्याफूल लाकडाचे विमान. कावळे कुरडयांना चोच लावत, विमानाला लावत नसत. कावळ्यांना समजते ते पोरांना समजत नाही.

हे विमान हातातल्या खोक्यावरून चालते. खोक्याला दोन दांड्या आणि वर लांबलचक एरियल. गोष्टीतल्या राक्षसाचा प्राण जसा सात समुद्रांपलीकडच्या पोपटात, तसा विमानाचा प्राण या ट्रान्समीटरमध्ये, आणि ट्रान्समीटरचा प्राण त्याच्या पोटातल्या आठ सेलांत. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये बिनतारी हुकूम पाळणारी एक छोटी होडी लोकांना दाखवली, तेव्हापासून या विद्येत पुष्कळ सुधारणा झाल्या. पण सेल उतरला की खेळ खलास, हे कलम अजून कोणी रद्द केलेले नाही.

भाच्याने ट्रान्समीटर घेतला होता जुना, पुण्याहून. आत निकेल-कॅडमियमचे सेल, प्रत्येकी १.२ व्होल्टचे, आठ मिळून ९.६. कुवत ६०० मिलिअँपिअर-तास. तरुणपणी त्यावर तीनेक तास निघाले असते, पण हे सेल पेन्शनीत निघालेले. चाळीस मिनिटांत धापा टाकत. एकदा एक्केचाळिसाव्या मिनिटाला विमान कोणाचेही न ऐकता चिखलीच्या दिशेने निघून गेले आणि पऱ्हाटीच्या धसकटांत सापडले. घरी आले ते पोत्यातून.

नेमकी त्याच दिवशी अकोल्याहून आमची ताई आलेली. तिने पोत्यात डोकावून पाहिले आणि शांतपणे सांगितले, "नवं कर हवं तर. पण तेही पडलं, तर खोक्यासकट सगळं बंबात." ताई ओरडते तेव्हा भिण्याचे कारण नसते. ती शांत होती.

आता अप्पांविषयी. अप्पा म्हणजे आमचे वडील. खामगावला पस्तीस वर्षे त्यांनी रेडिओ दुरुस्त केले. वीज नसलेल्या खेड्यांत नव्वद व्होल्टच्या विटेएवढ्या बॅटरीवर व्हॉल्व्हचे रेडिओ चालत, तेव्हापासूनचा माणूस. पण आदल्या वर्षी आई गेली आणि अप्पांनी हत्यारांची ट्रंक बंद केली ती केलीच. पेपर वाचायचे, निविदांच्या जाहिरातींसकट, आणि खिडकीत बसायचे. 'कसं आहे?' म्हटले की 'बरं आहे.' मध्यंतरी त्यांचा ट्रान्झिस्टर बिघडला, तर मला म्हणाले, "नवा घेऊन ये." हलवायाने शेजारच्या दुकानातून पेढे मागवावेत तसा तो प्रकार होता. त्या रात्री आम्हा नवराबायकोला नीट झोप लागली नाही.

नवे विमान तयार झाले, तेव्हा भाचा मला लिथियमची बॅटरी समजावून देत होता. मी मान हलवत होतो. बँकेत एवढी वर्षे काढल्यावर मान आपोआप हलते. खिडकीतून आवाज आला, "व्होल्ट किती?"

"दोन सेलचे सात पॉइंट चार, आजोबा."

"खोकं नऊ पॉइंट सहाचं. चालू करताच बोंबलेल."

"मग तीन सेल घालू."

"साडेबारापर्यंत चढेल. वरचं सगळं आतला रेग्युलेटर उष्णता करून फेकणार. विमान उडवायचं आहे की चहा करायचा आहे?" असे म्हणून अप्पा उठले आणि पलंगाखालची ट्रंक ओढू लागले. बायकोने स्वयंपाकघरातून माझ्याकडे पाहिले. मी पेपर तोंडासमोर धरला.

ठरले ते निकेल-मेटल हायड्राइड. त्यातही नुसते ठेवून रिकामे न होणारे, सान्यो कंपनीने २००५ साली जपानात काढले तसले, २००० मिलिअँपिअर-तासांचे. नात्यातला एक मुलगा सिंगापूरहून येणार होता, त्याने आणले. स्प्रिंगच्या खोबणीत सेल बसवायला अप्पांनी साफ नकार दिला. धक्का बसला की स्प्रिंग सुटते म्हणे. पत्र्याच्या पट्ट्या लावलेले सेल, त्यांना झटपट डाग, कारण सेल तापला की बाद. अप्पांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. तरी डाग देताना हात हलत नव्हता. पोराचा हलत होता.

चार्जरने मात्र नवे संकट आणले. तो जुना, साठ मिलिअँपिअरचा. त्याने हे पिंप भरायला सत्तेचाळीस तास लागणार, आणि त्या काळात आमच्याकडे दिवसाचे आठ तास भारनियमन. म्हणजे सोमवारी लावावे आणि गुरुवारी पाहावे! अप्पांनी एका मेलेल्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर काढला, करंट आवरायला मोटारसायकलचा बल्ब जोडला आणि काम चौदा तासांवर आणले. तो बल्ब तीन रात्री आमच्या देवघराशेजारी मंद जळत होता. तिसऱ्या रात्री बायकोने त्याला नकळत नमस्कार केला.

खोक्यात एक डायोड होता. तो काय करतो, हे मी धीर करून विचारले. अप्पा म्हणाले, "शेगावची दर्शनबारी. एकीकडून आत जायचं, उलट फिरायचं नाही." विज्ञानातली एवढी एकच गोष्ट मला पक्की समजली आहे.

(आताचे खोके २.४ गिगाहर्ट्झचे असतात, सिग्नल तुटला तर विमान स्वतःला सावरूनही घेते, आणि २०२१ पासून ड्रोनचे नियमही झाले. आमच्या वेळी नियम एकच, ताईचा.)

येळगाव धरणाच्या बाजूला एका रिकाम्या वावरात आम्ही गेलो. ताईही आली, काडेपेटीशिवाय. डायोडमुळे सॉकेटातून मीटर लागत नव्हते म्हणून अप्पांनी पेटीतून दोन वायरी वेगळ्या काढल्या होत्या. बांधावरच्या एका शेतकऱ्याला २००३ साली सरकारने ढगांवर फवारायला आणलेल्या विमानाची आठवण असावी. त्याने विचारले, "हे पाऊस पाडाचं इमान हाय काय?" मी नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मंग काऊन उडोता?" या प्रश्नाचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

विमान चढले. वळले. चाळिसावे मिनिट आले तेव्हा ताईने माझे मनगट धरले. एक्केचाळिसावे गेले, सोडले. पोर वर बघत होते, ताई पोराकडे, शेतकरी आम्हा सगळ्यांकडे. अप्पांनी मात्र एकदाही मान वर केली नाही. नातवाच्या कुशीला चिकटून, भिंग डोळ्याला लावून ते मीटर वाचत होते. मधून पेट्रोल भरून घेत तास भरला. विमान शेवटचे उतरले, ढेकळावरून उडी मारून उभे राहिले.

"खालचे दहा पॉइंट एक," अप्पा म्हणाले. "वर विमानात किती सेल आहेत?"

"चार, आजोबा."

"किती जुने?"

भाचा काही बोलला नाही. त्याने आईकडे पाहिले. अप्पांनी भिंग खिशात टाकले आणि मला म्हणाले, "गाडी काढ. सोल्डर संपलंय, दुकानं बंद व्हायच्या आत पोचू."