सुकाणूतलं पाणी

तर झालं असं, की गेल्या शनिवारी मी आमच्या होडीच्या सुकाणूला चक्क ड्रिलने भोक पाडलं!

थांबा, आधीपासून सांगतो. इथे मिनियापोलिसजवळ लेक मिनेटोंका नावाचं मोठं तळं आहे. त्यात आमची २२ फुटी, सेकंडहँड शिडाची होडी असते. आमची म्हणजे माझी आणि ऑफिसातल्या एका मित्राची, अर्धी अर्धी. हिवाळ्यात तळं गोठतं. म्हणून ऑक्टोबरात होडी यार्डात आणि सुकाणू काढून घरी. ते होडीच्या मागे बाहेरून लटकतं. त्याच्या दोन पिना होडीवरच्या दोन कड्यांत बसतात, दाराच्या बिजागरीसारख्या. खटका काढायचा, वर उचलायचं, झालं. दहा मिनिटांचं काम.

मे महिन्यात ते बसवताना मित्र म्हणाला होता, "अरे, हे मागच्या वर्षीपेक्षा जड लागतंय. आणि दांडा खडखडतोय बघ." मी म्हटलं, "जिमला जा!" जुलैत त्याने परत विषय काढला, मी परत उडवून लावला. मग गाडी खर्चावर गेली, आवाज चढले... आणि ऑगस्टपासून आमचं बोलणं फक्त मीटिंगपुरतं. बग न बघताच क्लोज करतात ना, तसलं काम केलं होतं मी. (त्यात तो खरंच टेस्टर आहे!)

शनिवारी एकट्याने सुकाणू उचललं आणि कंबर धरली. घरी आणलं, ते घेऊन वजनकाट्यावर उभा राहिलो, मग न घेता. फरक ३८ पौंड. जुन्या मालकाच्या वहीत ३१ लिहिलेले. वरचे ७ आले कुठून?

सुकाणू म्हणजे फायबरग्लासची दोन पातळ कवचं आणि मधे फोम. नाण्याने ठोकत गेलो. वरच्या भागात टणटण, खाली बद्द आवाज. पिनांच्या पट्ट्या ज्या बोल्टांनी बसवल्यात, त्यांच्याभोवतीचं सीलंट तडकलं होतं. पाणी शिरलं ते तिथून. पाण्याचा बर्फ झाला की ते सुमारे ९ टक्के फुगतं, आणि इथल्या थंडीत कवचाची शिवण उकलायला तेवढं पुरतं. उपाय एकच, सगळ्यात खालच्या कडेला भोक.

धडधाकट दिसणाऱ्या वस्तूला भोक पाडायला हात धजेना. शेवटी पाडलं. आधी थेंब, मग तपकिरी, कुबट वासाची धार! खडखडीचं कारणही सापडलं. कड्यांमधले प्लास्टिकचे बुश झिजून लंबगोल झाले होते. काही डॉलर्सची वस्तू. त्यासाठी अख्खा उन्हाळा अबोला!

आता सुकाणू बेसमेंटमध्ये भोक खाली करून टांगलंय. वजन उतरायचं थांबलं की वाळलं समजायचं. मग भोकात इपॉक्सी, बोल्टांना नवं सीलंट, कड्यांत नवे बुश.

रात्री मित्राला बादलीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, "तुझा बग रिओपन केलाय. चूक माझी होती."

बराच वेळ काहीच नाही. मग उत्तर आलं, "वजन किती भरलं?"

सांगितलं.

"रविवारी येतो. काटा माझा आणतो, तुझ्यावर भरवसा नाही."

असो. पोहे करावे लागणार आता!