गावातली पांढरी गढी

मराठवाड्यातून किंवा विदर्भातून एसटीने जाताना एखाद्या गावात, घरांच्या वर डोकावणारा पांढुरक्या मातीचा उंचवटा तुम्ही नक्की पाहिला असेल. वर बाभळी, निवडुंग, कडेला अर्धा ढासळलेला बुरूज. कुणाला विचारलं तर एकच उत्तर मिळतं, ‘ती गढी आहे.’

गढी म्हणजे किल्ला नव्हे. ते पाटलाचं किंवा देशमुखाचं तटबंदी असलेलं घर. खाली दगडी जोतं, वर पांढऱ्या मातीच्या जाडजूड भिंती, एकच मोठा दरवाजा, आत आड आणि धान्याची पेवं. सारा इथे जमा व्हायचा आणि पेंढारी आले की आसराही इथेच मिळायचा.

आपल्याकडे शेतजमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. गढी या पांढरीतूनच उभी राहिली. ही माती चिकट, धाब्याच्या छतालाही हीच लागते. पण माथ्यावरचं छप्पर गेलं की दरवर्षीचा पाऊस भिंत थोडी थोडी कापत नेतो. त्याहून जास्त माणसं नेतात. कुणी घर लिंपायला, कुणी भर टाकायला. शिवाय गुप्तधनाच्या आशेने रात्री खणणारे वेगळेच!

गंमत म्हणजे आयर्लंडमध्येही अशीच घरं होती. साधारण इ. स. 500 ते 1000 या काळात तिथले शेतकरी घराभोवती गोल मातीचा बांध घालत आणि बाहेरून चर खणत. आत माणसं आणि गुरं. अशा सुमारे 45,000 जागांच्या खुणा सापडतात. तिथे त्यांना ‘राथ’ किंवा ‘लिओस’ म्हणतात. लिस्मोर या गावाच्या नावात तोच शब्द आहे. या बांधांत पऱ्या राहतात, त्यांना नांगर लावला तर घरावर संकट येतं, अशी तिथली समजूत. त्या भीतीने कितीतरी बांध वाचले. आपल्या गढीतही धनावर बसलेला नाग असतो म्हणे, पण तो खणणाऱ्याला अडवत नाही, उलट आमंत्रणच देतो.

आमच्या फरीदाबादजवळचं तिलपत गावही जुन्या वस्तीच्या उंचवट्यावर वसलंय. हरियाणात अशा जागेला ‘खेडा’ म्हणतात आणि गावाचा राखणदार म्हणून दादा खेड्याला दिवा लावतात. मराठीतलं खेडं याच कुळातलं, फक्त आपण त्याला दिवा लावत नाही.

गढी बघायचीच असेल तर बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजापासून सुरुवात करा. तिथला लखुजी जाधवांचा वाडा म्हणजे जिजाऊंचं जन्मस्थान. वेरूळची लेणी पाहायला गेलात तर मालोजीराजे भोसल्यांच्या गढीची उघडी झालेली जोतीही पाहा. बहुतेक सहली ती चुकवतात. अहिल्याबाई 1725 साली जिथे जन्मल्या, त्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीलाही गढी आहे. पुण्याहून एका दिवसात जाऊन यायचं असेल तर खेड तालुक्यातलं वाफगाव, यशवंतराव होळकरांचं जन्मगाव.

ही झाली नावाजलेली. मुलांना दाखवण्यासारखी खरी गढी बहुधा तुमच्या आजोळीच असेल. ती सरकारी यादीत नसते, तिचे वारस दहा-वीस असतात, त्यामुळे तिची डागडुजी कुणाचीच नसते. दिवाळीत गेलात की आजीला विचारा, आत कोण राहायचं, दरवाजा कुठल्या तोंडाला होता, आड कधी बुजला. पावसाळ्यात मात्र भिंतीखाली उभे राहू नका. भिजलेली पांढरी माती न सांगता खाली येते.