नावाखालची रेघ

प्रशासकीय सेवेत असताना निवडणूक निरीक्षक म्हणून दुसऱ्या राज्यात जाण्याचा योग अनेकदा येतो. निरीक्षक शक्यतो परराज्यातला असावा, स्थानिक भाषा, जात, पक्ष यांच्याशी त्याचे नाते नसावे, हा त्यामागचा शहाणपणाचा विचार. २००९ च्या लोकसभा निवडणुकीत मला तंजावरला पाठवण्यात आले तेव्हा एका सहकाऱ्याने थट्टेने म्हटले होते, "अरे, तुला तर आपल्याच संस्थानात पाठवताहेत !" त्याच्या थट्टेत किती तथ्य होते ते मला १३ मे रोजी, मतदानाच्या दिवशी, कळले. त्या दिवशीची एक घटना आजवर मी कुठे लिहिली नव्हती, कारण तिच्यात माझी बाजू फारशी चांगली नाही.

तंजावरचा मराठ्यांशी संबंध आपण शाळेत एका ओळीत शिकतो. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात येथे राज्य स्थापले आणि १८५५ मध्ये ते कंपनी सरकारने गिळले. या दोन घटनांच्या दरम्यान जी माणसे इकडे आली, ती इथेच राहिली. राजवाड्याभोवतीच्या जुन्या रस्त्यांवर आजही मराठी बोलणारी घरे आहेत. त्यांची मराठी जुन्या वळणाची, तमिळ शब्दांनी भरलेली, पण कान देऊन ऐकली तर आपल्या पणजीची वाटावी अशी. शेजारीपाजारी त्यांना 'रायर' म्हणतात. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीतून कोरून घेतला आहे. राजाला आपली ओळख दगडावर कोरून ठेवता येते. सामान्य माणसाची ओळख मात्र कारकुनाच्या अक्षरावर अवलंबून असते.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी जुन्या गावातील एका शाळेतल्या मतदान केंद्रावर पोहोचलो. रांगेत साधारण पंचाहत्तरीच्या एक बाई होत्या. त्यांचे खरे नाव देणे योग्य नाही, म्हणून आपण त्यांना गोदाबाई म्हणू. त्यांच्या हातात मतदार ओळखपत्र होते, यादीत नावही होते, मात्र दोन्ही नावे जुळत नव्हती. यात नवल काहीच नाही. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना मिळून एकच अक्षर आहे, तसेच त आणि द यांना, प आणि ब यांना. त्यामुळे 'गोदाबाई' तमिळमध्ये लिहिले आणि दुसऱ्या कारकुनाने ते इंग्रजीत उतरवले की त्याचे 'कोतापाय' होऊ शकते. शिवाय तिकडे आडनाव लावण्याची पद्धत नाही. नावाआधी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आणि लग्नानंतर बहुधा नवऱ्याच्या नावाचे. ओळखपत्रावर एक आद्याक्षर होते, यादीत दुसरे.

एका मतदान प्रतिनिधीने हरकत घेतली. मतदान केंद्राध्यक्ष तरुण होते, समोर लांब रांग होती, उकाडा भयंकर होता. त्यांनी बाईंना सांगितले की आणखी एखादा पुरावा घेऊन या. बाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या आणि वळून स्वतःशीच मराठीत पुटपुटल्या, "आता एवढ्या उन्हात परत जायचं का ?"

मी दारात उभा होतो आणि ते वाक्य तिथे मला एकट्यालाच कळले.

माझ्या हातातल्या पिशवीत आयोगाच्या सूचनांची पुस्तिका होती. ओळखपत्रातील नोंदींमध्ये किरकोळ तफावत असेल आणि मतदाराची ओळख अन्यथा पटत असेल तर त्या तफावतीकडे दुर्लक्ष करावे, असे त्यात स्पष्ट होते. १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांतली तरतूद तर त्याहून बोलकी आहे. एखाद्या मतदाराच्या ओळखीला आव्हान द्यायचे असेल तर आव्हान देणाऱ्या प्रतिनिधीने आधी दोन रुपये भरावे लागतात, मग केंद्राध्यक्षाने तिथेच छोटी चौकशी करायची आणि आव्हान सिद्ध झाले नाही तर मतदाराला मत देऊ द्यायचे. म्हणजे पुराव्याचा पहिला भार आक्षेप घेणाऱ्यावर आहे. त्या प्रतिनिधीने दोन रुपये भरले नव्हते. त्याने नुसते बोट दाखवले आणि सगळा भार बाईंच्या अंगावर पडला.

मी पुढे होऊन त्यांच्याशी मराठीत दोन शब्द बोलू शकलो असतो. बोललो नाही. निरीक्षक एका मतदाराशी इतरांना न कळणाऱ्या भाषेत बोलतो आहे, हे दृश्य तिथल्या प्रतिनिधींना कसे दिसले असते ? शिवाय निरीक्षकाने केंद्राध्यक्षाला परस्पर आदेश द्यायचे नसतात, निर्वाचन अधिकाऱ्याच्या नजरेस आणून द्यायचे असते. म्हणून मी नियमाप्रमाणे वागलो. माझ्या संपर्क अधिकाऱ्यामार्फत फोन लावला. खुलासा यायला पाऊण तास लागला. तोवर बाई निघून गेल्या होत्या. निरोप पाठवला, पण त्या परत आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी केंद्रनिहाय मतदार नोंदवहीची, म्हणजे नमुना १७-अ ची, छाननी असते. मी मुद्दाम ती नोंदवही उघडून पाहिली. मत देऊन गेलेल्यांच्या अनुक्रमांकांत बाईंचा क्रमांक नव्हता. यादीच्या चिन्हांकित प्रतीत मत दिलेल्याच्या नावाखाली रेघ ओढतात. त्यांच्या नावाखाली ती रेघ ओढली गेली नव्हती.

१६ मेला मतमोजणी झाली, माझे काम संपले. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो आणि मराठीत बोललो. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिले आणि विचारले, "तुम्ही मराठी का ? मग त्या दिवशी का नाही बोललात ?" मी नियम समजावून सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकला. मग म्हणाल्या, "मत काय, पाच वर्षांनी पुन्हा देता येईल. पण चार लोकांत म्हणाले की माझं नाव माझं नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी कॉफी दिली, मी प्यालो आणि नमस्कार करून निघालो.

परतीच्या गाडीत मला दुसऱ्या एका तंजावरकर बाईंची आठवण झाली. १८५५ मध्ये शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनीने राज्याबरोबर राजवाड्यातली खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. थोरली राणी कामाक्षीबाई कोर्टात गेली. मद्रासच्या न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला, पण १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की ही 'राज्यसत्तेची कृती' आहे, हिच्यात न्यायालयाला पडता येणार नाही. राणीचे म्हणणे खोटे ठरले नाही, ते ऐकण्याची जागाच उरली नाही. स्वतंत्र भारतात तसे नाही. मतदारयादीतून नाव काढण्यापूर्वी नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी दिलीच पाहिजे, आणि ज्याचे नाव आधीपासून यादीत आहे त्याच्या बाजूने गृहीत धरून चालले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लाल बाबू हुसेन खटल्यात सांगितले आहे. वगळलेल्याला जिल्हाधिकाऱ्याकडे अपील करता येते. दारे आहेत. पण ती गोदाबाईंच्या घरापासून किती लांब आहेत, हाही प्रश्न आहे.

ओळखपत्राच्या विरोधात मी अजिबात नाही. टी. एन. शेषन यांनी १९९३ पासून त्याचा आग्रह धरला तेव्हा आम्हा अधिकाऱ्यांपैकी कित्येकांना ते अशक्य वाटले होते. त्याने तोतया मतदानाला चांगलाच आळा बसला, आणि सरकार ते कार्ड घरपोच देते. आपल्यापैकी जे ब्रिटनमध्ये राहतात त्यांना आठवत असेल की तिथे मे २०२३ च्या स्थानिक निवडणुकांत इंग्लंडमध्ये प्रथमच केंद्रावर छायाचित्राचा पुरावा मागितला गेला आणि केवढा वाद झाला. अमेरिकेत दर राज्याचा नियम वेगळा. त्या तुलनेत आपली व्यवस्था उदारच म्हणायला हवी, कारण कार्ड नसले तरी पासपोर्ट, बँकेचे फोटोसहित पासबुक, रोजगार हमीचे जॉबकार्ड असे पर्याय चालतात. पण कोणताही ओळखीचा नियम सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याचे आयुष्य एका पत्त्यावर, एका लिपीत, एका नावाने गेले, त्याला तो जाणवतही नाही. लग्नानंतर नाव बदललेली स्त्री, स्थलांतरित मजूर, भाषिक अल्पसंख्य, यांना तोच नियम उंबरठ्यासारखा अडतो. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत 'अमक्याची बायको' एवढीच ओळख सांगणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली होती. सुकुमार सेन यांचा तो निर्णय तत्त्वतः बरोबर होता, त्याने पुढे स्त्रियांना स्वतःच्या नावाने मतदार केले. पण त्या एका निवडणुकीत किंमत त्या स्त्रियांनीच मोजली.

ओळख पटली म्हणजे सगळे झाले असेही नाही, हेही तंजावरनेच दाखवले. मे २०१६ च्या विधानसभा निवडणुकीत तंजावर आणि अरवकुरिची या दोन मतदारसंघांत मतदारांना पैसे वाटल्याचे पुरावे आयोगाला इतके मिळाले की मतदान आधी पुढे ढकलून शेवटी अधिसूचनाच रद्द करण्यात आली, आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये पुन्हा निवडणूक घ्यावी लागली. तिथे तोतया मतदार हा प्रश्नच नव्हता. प्रत्येकाची ओळख अगदी पक्की होती. उलट, पैसे वाटणाऱ्यालाही मतदारयादी लागते. मतदान केंद्र बळकावले गेले तर निवडणूक रद्द करण्याची स्पष्ट तरतूद कायद्यात आहे, पैसेवाटपासाठी तशी नाही. आयोगाला संविधानाच्या ३२४ व्या कलमाचा आधार घ्यावा लागला.

आता दुसऱ्या विषमतेकडे येतो. गोदाबाईंना मत देता आले असते, तर त्या मताचे वजन किती असते ? १९७१ च्या जनगणनेनुसार तमिळनाडू, महाराष्ट्र आणि राजस्थान, तिन्हीकडे एका खासदारामागे साधारण साडेदहा लाख लोक होते. १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या जागा गोठवल्या, २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने ती गोठवण २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. २०११ च्या लोकसंख्येनुसार हेच आकडे असे होतात : तमिळनाडू १८.५ लाख, महाराष्ट्र २३.४ लाख, राजस्थान २७.४ लाख. म्हणजे तंजावरच्या एका मताचे वजन राजस्थानातल्या मताच्या जवळजवळ दीडपट आणि आपल्या महाराष्ट्रातल्या मताच्याही सव्वापट.

हा अन्याय आहे का ? आकड्यांनी आहे. पण तमिळ मित्र दुसरी गोष्ट सांगतात. लोकसंख्यावाढ मंद म्हणून १९६७ मध्ये त्यांच्या लोकसभेच्या जागा ४१ वरून ३९ झाल्या. त्यानंतर केंद्राने कुटुंबनियोजनाचा आग्रह धरला, त्यांनी तो मनापासून राबवला, आणि त्याची शिक्षा होऊ नये म्हणून ही गोठवण आली. ज्याने सरकारचे ऐकले त्याचेच प्रतिनिधित्व कमी करायचे, हे कोणत्या न्यायात बसते ? मला दोन्ही गाऱ्हाणी खरी वाटतात. जर्मनीच्या वरिष्ठ सभागृहात राज्यांना लोकसंख्येनुसार तीन ते सहा अशी आवळलेल्या फरकाची मते आहेत, अमेरिकेच्या सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन. लोकसभेत माणसे मोजावीत आणि राज्यसभेत राज्यांना अधिक समान वजन द्यावे, असा सौदा आपल्याला अशक्य नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंनी थोडे सोडावे लागेल.

घराबाहेर राहणाऱ्या वाचकांसाठी हा प्रश्न दूरचा नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी नागरिकाला २०११ पासून आपल्या गावच्या यादीत नाव नोंदवता येते, पण मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः यावे लागते. देशातच नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात गेलेल्याला 'सामान्यतः रहिवासी' कुठला, हे सिद्ध करावे लागते. २०२५ च्या शेवटी तमिळनाडूत मतदारयाद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण झाले, त्याच्या प्रारूप यादीत सुमारे ९७ लाख नावे कमी झाली. त्यात मृत आणि स्थलांतरित यांचीच संख्या मोठी होती, आणि यादी स्वच्छ असायलाच हवी. पण त्या लाखांत एखादी 'कोतापाय' असेल तर तिला शोधणार कोण ?

माझ्या अनुभवातून तीन सूचना कराव्याशा वाटतात. एक, भाषिक अल्पसंख्यांचे नाव स्थानिक लिपीबरोबरच त्याने स्वतः लिहिलेल्या मूळ लिपीतही नोंदवावे. संगणकाच्या काळात हे कठीण नाही. दोन, वगळायच्या नावांची यादी प्रत्येक केंद्रावर, दिवस ठरवून, मोठ्याने वाचून दाखवावी. शेजाऱ्याइतका चांगला पुरावा दुसरा नाही. तीन, केंद्राध्यक्षाच्या प्रशिक्षणात दोन रुपयांचा तो नियम पहिल्या दिवशी शिकवावा.

चौथी सूचना माझी मलाच आहे. तटस्थता म्हणजे गप्प बसणे नव्हे. त्या दिवशी मी पुस्तिका उघडून, सर्वांना कळेल अशा इंग्रजीत, तो नियम केंद्राध्यक्षांच्या नजरेस आणून देऊ शकलो असतो. त्यात आदेशही नव्हता, पक्षपातही नव्हता. मी मराठी आहे हे कुणाला कळू नये या भीतीपोटी एका मतदाराचा हक्क माझ्यासमोर निसटला. पुढे अनेक निवडणुका पाहिल्या. प्रत्येक वेळी चिन्हांकित यादी समोर आली की माझे लक्ष आधी रेघ नसलेल्या नावांकडे जाते, आणि त्यांतले कोण दारातून परतले असेल याचा मी विचार करत बसतो.